टँगलवुडच्या तिकिटाची चित्तरकथा

तेहतीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची काही वर्षं तर काउंटरपलीकडच्या आजी-आजोबांना "आलेल्या लिंकवर बोट लावू नका हो" असं बजावण्यातच गेली. आणि गेल्या उन्हाळ्यात, २०२४ साली, लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, तर मी स्वतःच एका पानावर असं बोट लावलं की वर्ष झालं तरी राग उतरलेला नाही. तो कुठेतरी ओतावा म्हणून हे लिहितेय. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आणि गाण्याबजावण्याची आवड असणाऱ्या कुणाच्या कामी आलं तर बरंच.

टँगलवुडचं नाव लेकीच्या शेजारणीने काढलं. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यात शहर सोडून बर्कशायरच्या डोंगरात, लेनॉक्स गावी मुक्कामाला जातो. जूनच्या अखेरीपासून ऑगस्ट सरेपर्यंत तिथे मैफली. टँगलवुड ही तिथली एक जुनी इस्टेट, तिच्या मालकिणींनी ऑर्केस्ट्राला देऊन टाकलेली. १९३७ पासून हा मुक्काम तिथेच आहे. हिरवळीवर सतरंजी पसरायची, घरचा डबा उघडायचा आणि ऐकायचं.

"म्हणजे त्यांचं सवाईच की!" हे म्हणाले.

सवाईला आम्ही लग्न झालं त्या वर्षापासून जातोय. रमणबागेतही बसलो, आता मुकुंदनगरलाही बसतो. त्यामुळे तिकीट काढणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको, अशी घमेंड होती. ह्यांची अट एकच, डोक्यावर छप्पर पाहिजे. जुलैत तिकडे केव्हाही गडगडून येतं आणि ह्यांना सर्दी लगेच धरते.

छप्पर तिथे आहे. ते आलंय तेही पावसामुळेच. १२ ऑगस्ट १९३७ ला तंबूत वाग्नरच्या संगीताचा कार्यक्रम चालू असताना असा वादळी पाऊस कोसळला की वादन थांबवावं लागलं. पक्क्या मंडपासाठी श्रोत्यांकडून तिथल्या तिथे वर्गणी सुरू झाली आणि पुढच्याच ऑगस्टात मंडप उभा राहिला. एलिएल सारिनेन या नामवंत वास्तुविशारदांनी आराखडा केला होता, पण तो पैशात बसेना. एवढ्या रकमेत नुसती शेडच होईल, असं ते म्हणाले. मग जवळच्या स्टॉकब्रिजचे इंजिनीअर जोसेफ फ्रान्झ यांनी तो आटोपशीर केला, आणि त्याचं नाव आजही शेडच आहे. पाचेक हजार माणसं बसतात, बाजूंना भिंती नाहीत.

तर शेडमधल्या दोन खुर्च्या. रविवार दुपारचा अडीचचा कार्यक्रम. लेक-जावई आणि नात बाहेर लॉनवर बसणार होते, त्यांची तिकिटं लेकीने आधीच काढलेली. "आई, तुमची मी रात्री काढते," म्हणाली होती. पण मला कुठला धीर! ती कामात, मी रिकामी, समोर लॅपटॉप. टँगलवुड तिकीट असं टाकलं आणि पहिलं आलं ते उघडलं.

पानावर शेडचाच फोटो. पत्त्यात टँगलवुडचं नाव, त्याला जोडून बॉक्स ऑफिस. सगळ्यात वर बारक्या, फिकट अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलं होतं, ते मला लेकीने नंतर दाखवलं. खुर्ची निवडायला गेले तर नेमकी खुर्ची दिसेना, नुसता रंगवलेला पट्टा दिसे. आणि कोपऱ्यात लाल आकडे, उलटे पळणारे. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. नऊ मिनिटं एकोणचाळीस. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला. जोडीला "आत्ता ही जागा १७ जण बघत आहेत." मी एरवी भाजीवालीशीही दहा मिनिटं घासाघीस करते, पण त्या घड्याळाने माझं डोकंच चालेनासं केलं.

शेवटच्या पानावर रक्कम एकदम फुगली. सेवा आकार, पोच आकार. पोच कसली डोंबलाची, तिकीट ईमेलवर येणार होतं. तीनशे अठरा डॉलर. तरीही मी पुढे गेले, कारण आता फक्त चार मिनिटं उरली होती.

कार्ड आमचं पुण्याचं. पत्त्याच्या रकान्यात झिप कोड मागितला, पाच आकडी. आपला पिनकोड सहा आकडी. शेवटचा आकडा गाळून बघितला, नाही. लेकीच्या घराचा झिप घातला, नाही. मग आठवलं, कार्डावर परदेशी व्यवहार चालूच केलेले नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू केले, तोवर घड्याळ शून्यावर. पान नव्याने उघडलं तर जागा तीच, घड्याळ पुन्हा नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर! कुणी म्हणजे कुणी ती जागा नेली नव्हती. मी इथेच उठायला हवं होतं. पण हात पोळलेला माणूस कधी कधी ईर्ष्येलाच पेटतो.

आता ओटीपी. तो येणार पुण्याच्या नंबरवर, आणि ते सिम रोमिंगचे पैसे वाचवायला धाकट्याकडे ठेवून आलेलो. आमच्याकडे संध्याकाळचे पाच, त्याच्याकडे रात्रीचे अडीच. दोनदा फोन वाजला, तिसऱ्यांदा उचलला. "कोण गेलं?" हे त्याचे पहिले शब्द. "कुणी नाही रे, ओटीपी वाच." चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला, त्याने वाचला, मी चारच्या जागी सात दाबला. तिसऱ्यानंतर कार्ड त्या दिवसापुरतं बंद. शेवटी जावयाने घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याचं कार्ड मागून घेतलं. बिचाऱ्याने बूटही काढले नव्हते.

रात्री लेकीने खरं पान उघडून दाखवलं. टँगलवुडची तिकिटं ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात, बीएसओ डॉट ओआरजीवर. तिथे एकेक खुर्ची टिपक्यासारखी दिसत होती, हव्या त्या दोन निवडा. शेजारी शेजारी भरपूर रिकाम्या होत्या. आणि आम्ही भरलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी.

मी घेतलं होतं ते पुनर्विक्रीवाल्यांकडून. ही मंडळी कशी चालतात ते मग समजून घेतलं. तुम्ही पैसे भरता तेव्हा विकणाऱ्याच्या हातात तिकीट असतंच असं नाही. आधी तुमच्याकडून भरभक्कम घ्यायचं, मग कुठूनतरी स्वस्तात उचलून तुम्हाला द्यायचं. म्हणून नेमकी खुर्ची दाखवत नाहीत, नुसता पट्टा दाखवतात. बँकेत अशा व्यवहाराला आम्ही काय म्हटलं असतं ते इथे लिहीत नाही.

रद्द करायला गेले तर ती सोयच नाही. चॅटवर एक यंत्र बोलायचं, "मला समजतंय तुम्ही काळजीत आहात," आणि पुन्हा पहिल्या प्रश्नावर आणून सोडायचं. सलग चार दिवस मी त्याच्याशी बोलले. पाचव्या दिवशी माणूस भेटला. तिकीट कार्यक्रमाच्या २४ तास आधी येईल, एवढं एक वाक्य त्याला येत होतं. टँगलवुडच्या तिकीट खिडकीला फोन केला, तर तिथल्या बाई सरळ बोलल्या. आमच्या नावावर त्यांच्याकडे काहीच नोंद नव्हती, ती असणार मूळ घेणाऱ्याच्या नावावर, आणि तो कोण हे आम्हालाच ठाऊक नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शनिवारी दुपारी अडीचला २४ तास उरले. तिकीट नाही. रात्री अकराला मेल आली, तीही दुसऱ्याच एका ॲपची. त्यात खातं उघडायचं, खातं उघडायला अमेरिकेतला मोबाइल नंबर. पुन्हा जावई. तिकिटं उघडली तेव्हा घरात सगळे हसायला लागले, मी सोडून. एक खुर्ची शेडच्या डाव्या अंगाला, दुसरी पार उजवीकडे.

(हे सगळं वाचून कार्ड फाडू नका. निघण्यापूर्वी पुण्यातूनच परदेशी व्यवहार चालू करून घ्या, आणि ओटीपीचं सिम सोबत ठेवा. रोमिंगचे पैसे ह्यापेक्षा कमी पडतात.)

प्रवास छान झाला. लेकीच्या श्रूजबरीहून मास पाइकने, म्हणजे आय-९० महामार्गाने, दीड तास, ली गावाच्या फाट्याला उतरायचं. वाटेत बेकेटपाशी पाटी आहे, या महामार्गावरची साउथ डकोटाच्या पूर्वेची सर्वांत उंच जागा, १,७२४ फूट. "आपला खंडाळाही याहून उंच," हे म्हणाले. त्याच बेकेटमध्ये जेकब्स पिलो नावाचं नृत्याचं तीर्थक्षेत्र आहे. भरतनाट्यमच्या बालासरस्वती १९६२ मध्ये तिथे नाचल्या होत्या. यंदा तिथे जायचं आहे, आणि तिकीट लेक काढणार आहे.

पार्किंग तिकिटातच येतं. बाहेर पडताना मात्र गाड्यांची रांग लागते, घाई असेल त्याने शेवटच्या टाळ्यांना उभं राहू नये. आम्हाला घाई नव्हती.

आत गेलो आणि हे डावीकडे, मी उजवीकडे. माझ्या पुढे खांब नव्हता, माणूस होता, खांबासारखाच. वादन मात्र असं की दहा मिनिटांत मी सगळं विसरले. संथ भागात बासऱ्या चालू असताना बाहेरच्या झाडावर कुठलासा पक्षी बोलला, आणि माझ्या तोंडून "वा!" निघालंच. तीन डोकी वळली. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधे टाळ्याही वाजवायच्या नसतात. दाद शेवटापर्यंत पोटात ठेवायची. सवाईच्या माणसाला हे फार जड जातं.

मध्यंतराला उठून लॉनकडे निघाले. शेडमध्ये परत यायचंच नाही असं ठरवून. इथे एकटीने खुर्चीवर ताठ बसण्यापेक्षा नातीजवळ सतरंजीवर बरं. लोकांनी लॉनवर काय काय मांडलं होतं! टेबलावर पांढरी चादर, वाइनचे पेले, एका कुटुंबाने तर दिवसाढवळ्या चांदीच्या मेणबत्तीदाण्या ठेवलेल्या. त्यांच्या पलीकडे आमची सोलापुरी चादर. आणि तिच्यावर, तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्यापाशी, हे!

"तुम्ही केव्हा आलात?"

"दुसऱ्या भागानंतर. तिथे बोलायला कुणी नव्हतं."

तीनशे अठरा डॉलरच्या दोन्ही खुर्च्या उरलेला वेळ रिकाम्या राहिल्या. पाऊस तर आला नाहीच. आलाही असता तरी लॉनचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा छत्री आणि चादरीखाली घालायला एखादं प्लास्टिक न्या. संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाणार असाल तर जुलैतही स्वेटर हवा. आणि लहान मुलांना लॉन फुकट असतं, नातीचं तिकीट शून्याचं होतं. शनिवारी सकाळी त्यांची तालीमही तिकीट काढून ऐकता येते.

पुढच्या महिन्यात दिरांकडे शिकागोला होतो. तिथे रविनिया नावाचं असंच मोकळ्यावरच्या मैफलींचं ठिकाण आहे, १९०४ पासूनचं, लोकलगाडी थेट दाराशी उभी राहते. तिकिटासाठी मी त्यांच्या सुनेला फोन केला आणि लॅपटॉप बंद करून ठेवला. तिघांची लॉनची तिकिटं दोन मिनिटांत आली.

आता त्या पुनर्विक्रीवाल्यांचं. मी सहा मेल लिहिल्या, सगळ्या तारखा घालून, बँकेत लिहायचो तशा मुद्देसूद. खुर्च्या एकत्र मिळतील अशी हमी आम्ही दिली नव्हती, हे उत्तर. सातव्या मेलनंतर चाळीस डॉलरचं व्हाउचर आलं, फक्त त्यांच्याच पानावर चालणारं, वर्षभराच्या मुदतीचं. यंदाच्या मे महिन्यापासून, २०२५ पासून, सगळे आकार धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवायची असा तिकडच्या सरकारने नियम केलाय म्हणे. घड्याळाबद्दल त्यात काही आहे का, विचारायला पाहिजे. कारण परवा त्यांची मेल आली, व्हाउचरची मुदत संपत आली म्हणून, आणि त्यातही लाल आकडे उलटे पळत होते.