उंबरठ्यावर थबकलेला उंदीर

विद्यार्थिदशेत व्हॅसोप्रेसिनची ओळख मूत्रपिंडाच्या प्रकरणात, शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक म्हणून झाली. नऊ ॲमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू स्मरणशक्तीच्या चर्चेत पुन्हा भेटला, तेव्हापासून त्याने मला धरून ठेवले आहे.

नेदरलँड्समधील संशोधक डेव्हिड डी व्हीड यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा, व्हॅसोप्रेसिन रक्तात सोडणारा मागील भाग काढलेले उंदीर विजेचा झटका चुकवायला शिकत, पण झटके थांबल्यावर शिकलेले वर्तन लवकर सोडून देत. व्हॅसोप्रेसिन दिल्यास ते वर्तन टिके. पुढे १९७५ मध्ये त्यांच्या गटाने जनुकीय दोषामुळे हे संप्रेरक नसलेले, सतत पाणी पिणारे ब्रॅटलबोरो जातीचे उंदीर तपासले. उजेडातून अंधाऱ्या कप्प्यात शिरताच पायांना झटका बसलेला साधा उंदीर दुसऱ्या दिवशी दाराशी थबकतो, मिशा हलवत मागे सरतो. ब्रॅटलबोरो उंदीर मात्र काही घडलेच नसल्यासारखा आत जातो.

पण दाराशी थबकणे म्हणजेच आठवण असणे, असे मानावे का? व्हॅसोप्रेसिनमुळे रक्तदाब वाढतो, आणि अस्वस्थ झालेला, सावध झालेला प्राणीही थबकेलच. १९८० च्या दशकात घेतला गेलेला हा आक्षेप मला रास्त वाटतो. ब्रॅटलबोरो उंदरांवरील निष्कर्षही सर्वच प्रयोगशाळांत सारखे आले नाहीत.

म्हणूनच भीतीचा संबंध नसलेला ओळखीचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. प्रौढ नर उंदराजवळ एक पिल्लू पाच मिनिटे ठेवले की तो ते अंगभर हुंगतो. अर्ध्या तासाने तेच पिल्लू आणले तर थोडेसे हुंगून सोडून देतो; दोन तासांनी आणले तर नवख्यासारखे पुन्हा पहिल्यापासून हुंगू लागतो. पहिल्या भेटीनंतर व्हॅसोप्रेसिन दिल्यास दोन तासांनीही ओळख टिकते, आणि त्याची क्रिया रोखणारे द्रव्य दिल्यास अर्ध्या तासातच पुसली जाते. ब्रॅटलबोरो उंदरांना ही ओळख ठेवता येत नाही. पण मेंदूतील सेप्टम या भागात थेट व्हॅसोप्रेसिन सोडले, तर तेही भेटलेल्या पिल्लाला ओळखू लागतात.