एकोणीस-वीसचा फरक: आमची वाटचाल

आमची कंपनी म्हणजे अडीच माणसं. मी, माझा धाकटा भाऊ, आणि फाँटचं काम करायला अर्धा दिवस येणारी एक मुलगी. म्युझिक नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीत लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, जी वाद्यं तयार मिळत नाहीत ती आम्ही बनवून देतो. वाद्य नाही हो, वाद्याची फाइल. नाव, शॉर्ट नेम, क्लेफ (ओळीच्या सुरुवातीचं, सूर कसे वाचायचे ते सांगणारं चिन्ह), रेंज (सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत), ट्रान्सपोझिशन (लिहिलेला सूर आणि वाजणारा सूर यांतला फरक), आवाज कुठला लावायचा, सगळं. हे वाचणारे बहुतेक धंद्यातलेच आहेत, तेव्हा जास्त समजावत नाही.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर. पार्ट्स, म्हणजे एकेका वादकाची वेगळी पानं, टाइप करून द्यायचो. १९९१ च्या जनरल मिडीच्या, म्हणजे संगणकी वाद्यांच्या ठरलेल्या आवाजांच्या, यादीत १२८ आवाज, त्यात १०८ ला कोतो, ११० ला बॅगपाइप, ११२ ला चक्क शहनाई, पण सर्पेंट नाही, ऑफिक्लाइड नाही, ही खालच्या सुरांची जुनी वाद्यं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या १८३० च्या सिंफनी फँटास्टिकमध्ये ऑफिक्लाइड आहे, आता कुणी मूळ वाद्यावर वाजवायचं ठरवलं की स्कोअरवर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र पानावर, काय टाकणार? बहुतेक जण ट्यूबा उचलायचे आणि वर नाव बदलायचे. पार्टनरचं म्हणणंही तेच, नाव बदललं की झालं काम. मी म्हणायचे, अरे रेंज वेगळी, पार्ट बघणारा माणूस वेगळा, नाव बदलून कसं होईल? तिथूनच खटके सुरू झाले, पण ते पुढे.

आमची हत्यारं सांगते. एक ४९ कीजचा मिडी कीबोर्ड, ज्याचा वरचा एफ शार्प दोनदा वाजतो आणि तरी आम्ही तो बदलत नाही, कारण सगळ्या रेंज त्यावरच तपासल्यात आणि हाताला सवय झालीय. एक फाँट एडिटर. एक क्रोमॅटिक ट्यूनर. आणि एक लांबट वही, आडव्या रेघांची, तिच्यात प्रत्येक वाद्याची एक ओळ: खालचा सूर, वरचा सूर, शिकाऊ माणूस कुठपर्यंत जातो, मुरलेला कुठपर्यंत. म्युझस्कोअर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये या दोन रेंज वेगळ्या भरता येतात, शिकाऊच्या बाहेर गेलात की सूर गडद पिवळा होतो, मुरलेल्याच्याही बाहेर गेलात की लाल. कंपोझरला हा रंग दिसतो आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून वही.

फाँटचं काम, म्हणजे संगीताची चिन्हं काढणं, लोकांना किरकोळ वाटतं. २०१३ मध्ये स्मफल हे संगीताच्या फाँटचं प्रमाण आलं तेव्हा आमचं आयुष्य बदललं, खरंच. त्याआधी प्रत्येक फाँटमध्ये चिन्ह वेगळ्या ठिकाणी, एकात शार्प (सूर अर्धा चढवायचं चिन्ह) जिथे तिथे दुसऱ्यात भलतंच काहीतरी. स्मफलमध्ये जागा ठरलेल्या, ई-झिरो-झिरो-झिरोपासून पुढे, आणि स्टाफची, म्हणजे पाच रेघांची, उंची म्हणजे एक एम, फाँटच्या मापाचं एकक, म्हणजे १००० युनिटच्या फाँटमध्ये दोन रेघांमधली एक स्पेस बरोब्बर २५०. इराणी संगीतातली कोरोन आणि सोरी ही चिन्हं, तुर्की संगीताचे कोमा, म्हणजे अर्ध्या सुराहूनही बारीक फरक, दाखवणारे फ्लॅट-शार्प, सगळ्यांना घर मिळालं. आता स्वतःचं नोटहेड, म्हणजे लिहिलेल्या सुराचं डोकं, काढायचं असेल तर काठी कुठे चिकटणार तो बिंदू मेटाडेटामध्ये द्यावाच लागतो. तो दोन-चार युनिट चुकला की काठी आणि डोकं यांच्यात केसाएवढी फट दिसते. स्क्रीनवर नाही दिसत, कागदावर दिसते. आमची मुलगी प्रत्येक ग्लिफ, म्हणजे फाँटमधलं एकेक चिन्ह, छापून खिडकीच्या काचेवर धरून बघते. न विचारता सांगते, तुम्हीही छापून बघा.

सर आमचे पहिले गिऱ्हाईक. निवृत्त कॉन्ट्राबसून वादक, घरात जुन्या, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ढीग. पहिल्या भेटीत माझी रेंजची यादी चाळली आणि म्हणाले, "अगं, हे सगळं पुस्तकातून उतरवलंयस. पुस्तकाला फुंकर घालता येते का?" मग एकेक वाद्य हातात घेऊन खालचा सूर काढून दाखवला, आणि तो निघाला तरी कसा निघतो तेही दाखवलं, म्हणजे घरघर आधी आणि सूर नंतर. त्या दिवसापासून वहीत एक जास्तीचा रकाना आला, "निघतो, पण लिहू नये". हा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, आम्ही तो फाइलसोबत वेगळ्या कागदावर देतो. सरांनी एकदाही बिलात घासाघीस केली नाही आणि चूक मात्र एकही सोडली नाही.

आता ते सारुसोफोनचं. हे लिहिल्याशिवाय वाटचाल पूर्ण होणार नाही.

सारुसोफोन म्हणजे धातूचं डबल रीड वाद्य, दोन पात्यांतून फुंकायचं, सारुस या बँडमास्तरचं नाव, पेटंट वाद्यकार गोत्रोचं, १८५६ चं. सॅक्सोफोनवाल्या अडॉल्फ सॅक्सनं गोत्रोवर नक्कल केली म्हणून केस केली होती आणि सॅक्सच हरला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आम्हाला काम आलं कॉन्ट्राबास सारुसोफोन इन ई फ्लॅटचं, ट्रेबल क्लेफमध्ये लिहायचा, लिहिलेल्या सुरापेक्षा दोन ऑक्टेव्ह आणि एक मेजर सिक्स्थ खाली वाजतो. ट्रान्सपोझिशनचे आकडे दोन असतात, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात: क्रोमॅटिक, म्हणजे किती सेमीटोन (अर्धे सूर), आणि डायटोनिक, म्हणजे किती पायऱ्या. इथे उणे ३३ आणि उणे १९. मी भरले उणे ३३ आणि उणे २०.

प्लेबॅक ऐकला, झकास. वाजणार कसं ते ३३ ठरवतो, तो बरोबर होता. २० नं फक्त लिखाण बिघडवलं. कॉन्सर्ट, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा, ई फ्लॅट असेल तर वादकाच्या पार्टमध्ये सी दिसायला हवा, तिथे आला डी डबल फ्लॅट, म्हणजे दोनदा उतरवलेला डी, वाजायला सीच पण वाचायला त्रास. जीच्या जागी ई हवा, आला एफ फ्लॅट. बी फ्लॅटला जी हवा, आला ए डबल फ्लॅट. स्कोअर आम्ही कॉन्सर्ट पिचमध्येच बघत होतो, तिथे सगळं स्वच्छ. पार्ट्स छापून गेले, आणि रिहर्सलला त्या बिचाऱ्या वादकानं चार बार वाजवून स्टँडवरचा कागद उलटा केला. सही-सलामत एकही पान नाही, डबल फ्लॅटचा पाऊस. कंडक्टरनं रिहर्सल थांबवली, प्रोग्रॅममधून तो तुकडाच काढला, आणि ज्या प्रकाशकानं काम दिलं होतं त्यानं आमचं बाकीचं सगळं कामही त्याच आठवड्यात बंद केलं. निम्म्याहून जास्त धंदा त्यांचाच होता. फाइल तासाभरात दुरुस्त झाली, एक आकडा तर होता. पण फोन येईनात. तीन महिने भावाला पगार दिला नाही, फाँट एडिटरचं लायसन्स रिन्यू करायचं की घरभाडं भरायचं हा हिशोब मी रोज रात्री करायचे. पार्टनर म्हणाला, मी आधीच सांगत होतो, एवढं खोलात जाऊन काही मिळत नाही. आणि गेला.

गेला तो स्वतःचं दुकान काढायला. ठीक आहे, प्रत्येकाचा हक्क आहे. पण जाताना आमच्या फाइल्स घेऊन गेला. मला कसं कळलं? सरांनी सांगितलं. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी स्वस्तात मिळाला म्हणून त्याच्याकडून सारुसोफोनचा पॅक घेतला, आणि पार्टमध्ये सीच्या जागी डी डबल फ्लॅट. माझा वीस! माझी जुनी चूक, जशीच्या तशी, आणि शॉर्ट नेममध्ये माझाच तो जास्तीचा टिंब. आम्ही ती केव्हाच सुधारली होती, सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःहून पत्र लिहून नवीन फाइल पाठवली होती, चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, कबूल केली होती, आणि तो तीच विकत होता. वर लोकांना सांगायचा की हा पॅक "मैदानात तपासलेला" आहे. तपासलेला होताच म्हणा, आमच्या नाकावर.

केस करायची का असं भाऊ म्हणाला. मी त्याला सॅक्सची गोष्ट सांगितली आणि विषय संपला. राग मात्र संपला नाही, आजही कुणी दोन्ही पॅकची तुलना करताना "साधारण सारखेच" म्हणतं तेव्हा मी चहा सोडून उठते.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्यानं कुणी फाइल बनवत असेल तर दोन गोष्टी ऐका, विचारलं नाहीत तरी. सॉफ्टवेअरची मूळ वाद्यांची फाइल उघडून तिच्यातच काही कोंबू नका, अपडेट आलं की पुसली जाते, आपली वेगळी ठेवा. आणि ट्रान्सपोझिंग वाद्य असेल तर एक पूर्ण क्रोमॅटिक स्केल, म्हणजे ओळीनं सगळे अर्धे सूर, लिहून कॉन्सर्ट आणि पार्ट अशा दोन्ही व्ह्यूत डोळ्यांनी वाचा, कानांवर सोडू नका, कानाला डी डबल फ्लॅट आणि सी यांत काही कळत नाही. बास क्लॅरिनेटची तर आणखी गंमत, ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलं की मेजर नाइंथ खाली, जर्मन पद्धतीनं बास क्लेफमध्ये लिहिलं की नुसता मेजर सेकंड, म्हणजे वाद्य तेच आणि आकडे दोन जोड्या. पैसे एका फाइलचेच मिळतात.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज आता बारीक झालाय पण टोचणी तीच. "अगं, तुझ्या हेकेलफोनचा खालचा सूर बी लिहिलायस. तो एपर्यंत जातो." वही काढली, वहीत ए होता, फाइलमध्ये भरताना मी बी केला होता. लगेच बदलला. मग राहवलं नाही, जुन्या पार्टनरचा पॅक उघडून बघितला. बी.

आमची दुरुस्ती त्याच संध्याकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना गेली. चेंजलॉगमध्ये मात्र यावेळी काही लिहिलं नाही.