ठकठक

कीबोर्ड घरी आला त्या संध्याकाळी मी तो इतका सुंदर वाजवला की आतल्या खोलीतून बायको धावत बाहेर आली. झरझर उतरणाऱ्या ताना, मागे ड्रम, मध्येच व्हायोलिनचा अख्खा ताफा. मी डोळे मिटून मान डोलवत होतो. तिने जवळ येऊन पाहिलं तर माझे दोन्ही हात मांडीवर. कोपऱ्यातलं ‘डेमो’ नावाचं बटण तेवढं मी दाबलं होतं.

त्याला आता आठ महिने झाले. त्या दर्जाचं वादन माझ्याकडून पुन्हा झालेलं नाही.

खरं तर मी हे वाद्य निवडलं ते सोपं वाटलं म्हणून. बासरी हातात घेतली तर पहिले कित्येक दिवस नुसती हवाच फुंकावी लागते. व्हायोलिनवर गज फिरवला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. तबल्यावरचा साधा ‘धा’सुद्धा आपल्याला ओळख द्यायला वेळ घेतो. कीबोर्डचं तसं नाही. त्याच्यावरून मांजर चालत गेलं तरी प्रत्येक सूर जागच्या जागी. मधला ‘ए’ दाबला की सेकंदाला ४४० कंपनं. मी दाबला तरी तेवढीच, एखाद्या उस्तादाने दाबला तरी तेवढीच. पहिल्याच दिवशी सूर लागल्याचा मला कोण आनंद झाला होता! पुढे हळूहळू लक्षात आलं की आपली पंचाईत नेमकी इथेच आहे. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायची सोय असते. इथे अंगण कारखान्यातूनच ओळंब्यात धरून आलेलं.

(अगदीच ओळंब्यात नाही, हे नंतर कळलं. एका सप्तकाचे बारा समान वाटे करून बसवलेले हे सूर. मोबाईलवर तंबोरा लावून कीबोर्डचा शुद्ध गंधार नीट ऐकला तर तो किंचित चढा लागतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. कान तयार असलेल्या माणसाला तो खुपतो. मला खुपायला लागेल तेव्हा मी पार्टी देणार आहे.)

शिकवायला येणारे सर माझ्या निम्म्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’ म्हणतात, त्यामुळे मान दोन्हीकडून सुटत नाही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “काका, आज पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही.”

माझ्या कीबोर्डला ६१ पट्ट्या आहेत, म्हणजे पाच सप्तकं आणि वर एक सा. त्यातल्या ३६ पांढऱ्या, २५ काळ्या. पियानोच्या ८८ पट्ट्यांपुढे हा संसार आटोपशीरच, पण नवख्याला त्यातही हरवायला होतं. वाट दाखवतात त्या काळ्या. दोन काळ्या, मग जरा मोकळी जागा, मग तीन काळ्या, पुन्हा मोकळी जागा. दोनच्या जोडीला डावीकडून खेटून असलेली पांढरी म्हणजे ‘सी’, आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक. त्या काळ्या अशा दोन-तीनच्या झुबक्यांत नसत्या, सलग एकाआड एक असत्या, तर डोळे मिटून बोट नेमकं कुठे आहे ते कुणालाही सांगता आलं नसतं.

सरांनी माझं बोट काळी तीनवर, म्हणजे तीनच्या झुबक्यातल्या पहिल्या काळीवर ठेवलं आणि म्हणाले, “हा सा. इथून फक्त काळ्या वाजवत वर जा.” गेलो. सा रे ग प ध सा. भूप! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटांतून ओळखीचं काही निघालं. मग त्यांनी सा उचलून काळी पाचवर ठेवला. पट्ट्या त्याच पाच, बोटं तीच, आणि ऐकू आला मालकंस. मी थांबलोच. काळी एकवर सा धरला तर दुर्गा, काळी दोनवर धानी, काळी चारवर मधमाद सारंग. पाच माणसांची बैठक तीच, यजमान बदलला की सगळ्यांचं एकमेकांशी नातं बदलावं, बोलणं बदलावं, चेहरेसुद्धा वेगळे दिसावेत, तसं काहीतरी. जाणकार याला मूर्च्छना म्हणतात. मला त्या दिवशी शब्दशः तेच झालं होतं. अर्थात राग वाजवला असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करत नाही. रागाचे स्वर वाजले एवढंच. भूपाचे म्हणून मी जे पाच वाजवले त्यांच्यात देशकार रागही राहतो, आणि त्या दोघांपैकी दार कोणी उघडलं हे कळायला आठ महिने पुरत नाहीत.

नंतरचे दोन आठवडे मी वाया घालवले. दोष आवाजांचा. एका वाद्यात शेकडो वाद्यं कोंबलेली, आणि प्रत्येक बटण दाबून बघितल्याशिवाय चैन नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एका क्रमांकाला एकच वाद्य वाजावं म्हणून १९९१ साली १२८ आवाजांची एक यादी ठरली. ती माझ्याही कीबोर्डात आहे. एक नंबरला भारदस्त ग्रँड पियानो. सतार १०५, सनई ११२. शेवटी शेवटी मात्र यादी करणाऱ्यांचा संयम सुटलेला दिसतो: समुद्राची गाज, पक्ष्याची किलबिल, टेलिफोनची घंटी, हेलिकॉप्टर. टाळ्यांचा कडकडाट १२७वा आणि बंदुकीची गोळी १२८वी. या दोहोंत एकाच क्रमांकाचं अंतर ठेवणारा माणूस कधीतरी स्टेजवर गेलेला असणार.

आवाज संपले तसा मी ठेक्यांकडे वळलो. डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबून धरायच्या की ड्रम, बास, गिटार सगळे एका दमात मागे लागतात. दाबलेल्या पट्ट्या बदलल्या की तेही सुरावट बदलून मागे. अशा तयार ठेक्यांना नाकं मुरडणारे बरेच असतात. त्यांना सांगायला माझ्याजवळ एक गोष्ट आहे. हिरोको ओकुदा नावाची तरुणी १९८० साली कॅसिओ या जपानी कंपनीत कामाला लागली आणि तिने एका छोट्या कीबोर्डासाठी ‘रॉक’ नावाचा ठेका बसवला. तो एमटी-४० कीबोर्ड १९८१ मध्ये बाजारात आला. १९८५ साली जमैकात त्याच ठेक्यावर एक गाणं बेतलं गेलं, आणि तिथल्या रेगे संगीताने चक्क कूस बदलली. हाडामांसाचे वादक बाजूला सरून इलेक्ट्रॉनिक वाद्यं पुढे आली. एका बटणामागे दडलेली सुरावट, समुद्रापलीकडे जाऊन एवढं करते. मी माझ्या घरी तसंच एक बटण दाबलं तेव्हा मुलीच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

महिनाभर मी त्या वाद्यवृंदाच्या खांद्यावर बसून मिरवलो. अडचण एवढीच होती की तो माझ्यासाठी थांबत नसे. मी एक पट्टी शोधेपर्यंत ड्रमवाला दोन मात्रा पुढे. मग धावत गाठायचं, गाठलं की पुन्हा मागे पडायचं. एक दिवस सरांनी हात पुढे करून ठेका बंद केला. खोली एकदम रिकामी झाली.

“काका, हे वाजवतंय. तुम्ही ऐकताय.”

मला जरा लागलं ते. मी म्हटलं, सूर यंत्राचा, आवाज यंत्राचा, आता ठेकाही यंत्राचाच असेल तर मी इथे बसलोय कशाला? सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी एकच पट्टी आधी हळूच दाबली, मग जोरात. पहिल्यांदा पियानो कुजबुजला, दुसऱ्यांदा खणखणला. मग पट्टीखाली काय घडतं ते त्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून मी या वाद्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मला वाटायचं की आत काहीतरी वजन मोजणारं असेल. साध्या कीबोर्डात तसं काही नसतं. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोहोंमध्ये किती वेळ गेला तेवढंच यंत्र मोजतं. वेळ कमी लागला तर आवाज मोठा, जास्त लागला तर मऊ. त्या वेळेचा १ ते १२७ मधला एक आकडा होतो आणि त्या आकड्यावरून सूर किती बोलायचा ते ठरतं. म्हणजे मी ज्याला जोर समजत होतो तो वेळच निघाला. सेकंदाचे काही हजारांश. एवढ्या महागड्या, एवढ्या हुशार पेटाऱ्यात माझ्या मालकीची जागा ती एवढी.

फ्लॉरेन्समध्ये साधारण १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने जो खटाटोप केला तो याचसाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जायची. तुम्ही प्रेमाने दाबा की रागाने, आवाज जवळपास तेवढाच. त्याने छेडण्याऐवजी तारेवर हातोडी मारायची युक्ती काढली आणि हळू-मोठा दोन्ही आवाज निघू लागले. वाद्याचं नावच त्यावरून पडलं, पियानो-फोर्ते, हळू आणि जोरात. पुढे जोरात गळून पडलं आणि हळू तेवढं राहिलं. आमच्या घरच्यांना माझ्या बाबतीत तेच हवं आहे.

आता डावा हात. याच्याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही.

लहानपणी थोडे दिवस पेटी शिकलो होतो, त्या शिदोरीवर मी निश्चिंत होतो. पण पेटीवर डावा हात भाता मारतो. त्याला सुरांशी कर्तव्य नाही, वारा घातला की झालं. एरवीही त्याचा आयुष्यभराचा अनुभव म्हणजे उजवा हात झाकण उघडेपर्यंत डबा धरून ठेवणे. अशा माणसाला पन्नाशीजवळ येताना अचानक स्वतंत्र कार्यभार दिला. एकट्याने सांगा, नीट करतो. उजव्याबरोबर बसवला की परीक्षेत पुढच्याच्या पेपरात बघणाऱ्या पोरासारखा. उजव्याने बोट उचललं की हाही उचलणार. उजवा धावला की हा धावणार. त्यात बोटांचे नंबर: दोन्ही हातांना अंगठा एक आणि करंगळी पाच. म्हणजे वर जाताना उजव्याचे एक-दोन-तीन तेव्हा डाव्याचे पाच-चार-तीन. तिसऱ्या बोटानंतर उजव्याचा अंगठा तळव्याखालून सरकवून चौथा सूर घ्यायचा. हा अंगठा तर अतिशय आडमुठा. योहान सेबास्टियन बाखच्या मुलाने १७५३ साली लिहून ठेवलंय की वडिलांनी त्यांच्या तरुणपणी ऐकलेले मोठमोठे वादक लांबची पट्टी गाठायची असेल तरच अंगठा वापरायचे. ते वाचल्यापासून मी त्याला जरा सांभाळून घेतो. एवढ्या उशिरा नोकरीला लागलेला गडी.

माझी दुसरी खोड म्हणजे चुकलं की पहिल्यापासून. तिसऱ्या ओळीत अडखळलो की पुन्हा पहिली ओळ. त्यामुळे माझी पहिली ओळ मैफलीत बसवावी अशी झालेली आहे, दुसरी लग्नघरात चालेल आणि तिसरी कुणालाच ऐकवता येत नाही. सर म्हणतात तिसरीपासून सुरू करा. मी हो म्हणतो आणि ते गेले की पहिलीपासून सुरू करतो. पहिली ओळ वाजवताना फार बरं वाटतं हो.

(सर नसताना मी ट्रान्सपोज नावाचं बटणही वापरतो. सगळं पांढरी एकमधून वाजवायचं आणि बटणाने सा चढवून काळी चारवर न्यायचा. बोटांना कळतही नाही. कृपा करून कुणी त्यांना सांगू नये.)

रियाज रात्री, हेडफोन लावून. तो लावला की मी एका मोठ्या सभागृहात असतो. प्रत्येक सुरामागे घुमारा, पायाखाली पेडल, सूर सोडला तरी रेंगाळणारा. बाहेर बायको दिव्याशी वाचत बसलेली असते. तिला यातलं काही ऐकू येत नाही. तिच्यापर्यंत पोचते ती फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची ठकठक. सुरुवातीला तिला त्या आवाजाचा त्रास व्हायचा, आता घड्याळाची टिकटिक विसरावी तशी ती विसरली असेल असं मी धरून चाललो होतो.

परवा मात्र तिने पुस्तकातून मान वर न करता हात हलवला. मी हेडफोन एका कानावरून सरकवला.

“अहो, तिसऱ्या ओळीत डावा अजून मागे राहतोय.”

हे गाणं तिने एकदाही ऐकलेलं नाही. कुठलं गाणं आहे तेही तिला माहीत नाही. मी हेडफोन काढून ठेवला, आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि तिसरी ओळ पुन्हा वाजवली. ठक, ठकठक, ठक... ठक.

खरंच मागे राहत होता.