कुठली गं तू?

एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत "कुठल्या तुम्ही?" असं विचारलं नाही, तर त्यांना डुलकी लागली आहे असं खुशाल समजावं. आणि नुसतं "कराड" म्हणून सुटका होत नाही. कराडात कुठं? हे माहेर की सासर? मग मूळ गाव कोणतं? हे सगळं होईतो त्यांच्या आत्याची नणंद आपल्या शेजारच्या गल्लीत दिलेली निघते आणि खिडकीची जागा त्यांना द्यावी लागते. मला या चौकशीचा लहानपणापासून कंटाळा होता. शिक्षिका व्हायला न्यूझीलंडला निघाले, तेव्हा आता यातून तरी सुटले असं वाटलं होतं.

तिकडे पदवीनंतर वर्षभराचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम असतो. त्यात किमान ८० दिवस प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, आणि शाळेचं वर्ष जानेवारीअखेर, नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतं. म्हणजे पोचायचं, सामान टाकायचं आणि उभं राहायचं वर्गात. निघण्याआधी विद्यापीठाचं पत्र आलं. त्यात पोलीस पडताळणीची कागदपत्रं होती, उन्हाची टोपी आणा अशी सूचना होती आणि एक ओळ होती: शाळेत तुमचं स्वागत होईल, तुमची पेपेहा तयार ठेवा.

पाठाचं टाचण मागतील अशी माझी समजूत. आमच्या घरात ते शास्त्र पक्कं. आईनं बी.एड. केलं तेव्हा ती छात्राध्यापिका म्हणून सकाळच्या एसटीनं खेड्यातल्या शाळेत जायची. काखेत गुंडाळलेला तक्ता, पिशवीत रंगीत खडू आणि टाचणवही. तक्त्यावर पचनसंस्था काढलेली. गर्दीत कोणाचं कोपर लागून जठराला घडी पडली की बाकीचा प्रवास ती घडी सरळ करण्यात जायचा. वर्गात मार्गदर्शक बाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसायच्या. पाठाची उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, सगळ्याला गुण. "तू मूळची कुठली" याला मात्र शून्य गुण, कारण ते पोरांनी आधीच विचारून घेतलेलं असायचं.

पेपेहा म्हणजे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, रीतीनं आपली ओळख सांगणं. आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ, घरची माणसं. आपलं नाव साधारण सगळ्यात शेवटी. आम्हा बाहेरच्यांसाठी पत्रात खाली बजावलं होतं की इथल्या डोंगर-नद्यांवर आपला हक्क सांगू नका, ज्यांच्याजवळ वाढलात त्यांची नावं घ्या. होडीच्या ओळीत विमान वगैरे सांगून विनोद करायचा मोह होतो. तो आवरावा, असं माझं मत. दुसऱ्याच्या देवघरात जाऊन कोटी करू नये.

डोंगर सोपा होता. आगाशिव. घराच्या गच्चीवरून दिसतो, त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, आणि शाळेची प्रत्येक सहल तिथंच गेल्यामुळे त्याच्याविषयी जरा रागही आहे. घोळ नदीचा. कराडकराला एक नदी सांगा म्हटलं तर तो गप्प होतो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वराच्या अंगानं निघतात, निरनिराळ्या वाटांनी येतात आणि आमच्या प्रीतिसंगमावर अगदी समोरासमोर येऊन भिडतात. पुढं नाव उरतं ते कृष्णेचं. पण आमचं घर कोयनेच्या अंगाला.

मुंबईहून रात्रीचं विमान, सिंगापूरला थांबा, आणि तिथून ऑकलंड दहा तास. या दुसऱ्या टप्प्यात समोरच्या पडद्यावर ऑस्ट्रेलिया लागतो तो संपतच नाही. जेवण झालं, एक झोप झाली, तरी विमानाचं चित्र त्याच तांबड्या पठारावर. लोक चित्रपट बघत होते आणि मी ओठांतल्या ओठांत डोंगर-नदी घोकत होते.

मागे, पाणी मिळतं तिथं, एक काका पाय मोकळे करत उभे होते. पायात मोजे, अंगात हातविणीचा स्वेटर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विमानात, समुद्रसपाटीपासून दहा किलोमीटरवर, विचारलं, "कुठली गं तू?"

ते सांगलीचे. मुलाकडे निघालेले. कराड म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच कडकही झाला. "म्हणजे वरच्या अंगाची. तुम्ही सोडता, आम्ही बुडतो." २०१९च्या ऑगस्टमधला पूर त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितला, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं, कोणत्या पायरीवर थांबलं, गहू कसा वरच्या मजल्यावर नेला. सांगलीकर पावसाळ्यात तारखेआधी फूट बघतो. शेवटी मी माझी अडचण त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "कृष्णाच सांग. कोयनेचं नाव काढलंस की आमच्या पोटात गोळा येतो."

त्यांनाच मी पेपेहाची रीत सांगितली, तर त्यांना तिचं काही नवल वाटलं नाही. "मग आपले गुरुजी संकल्पात काय सांगतात? दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. पत्ताच आहे तो. पिनकोड नंतर आला." हे खरंच होतं. सत्यनारायणाला पाटावर बसून मी ते किती वेळा ऐकलं असेल, पण तिथं लक्ष केळीच्या खांबांकडे आणि प्रसादाच्या शिऱ्याकडे.

ऑकलंडच्या विमानतळावर पासपोर्टापेक्षा पिशव्यांची चौकशी जास्त. बेटांचा देश, शेती-जनावरांवर जगणारा. बाहेरचा किडा, बी, रोग आत येऊ नये म्हणून जागता पहारा. धोक्याची वस्तू न सांगता नेली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मध तर न्यायचाच नाही. मी सगळं आधीच जाहीर केलं होतं: मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि डोंगरात घातलेले बूट. मसाल्याचं पाकीट तपासणीच्या बाईंनी हुंगलं, मान डोलावली आणि परत दिलं. बूट उलटे केले. तळाच्या नक्षीत आगाशिवाची तांबूस मुरमाड माती बसली होती. आईनं घासूनही न निघालेली. ते आत नेले आणि धुऊन, ओलसर, आणून दिले. डोंगर देशात आणायचा नाही, नाव मात्र सांगायचं.

शाळा हॅमिल्टनला, वायकाटो नदीच्या गावात. स्वागताला मुलं जमिनीवर बसलेली, त्यातली निम्मी अनवाणी, आणि कोणी त्याबद्दल ओरडत नव्हतं. त्यांच्या बाजूचं बोलणं झालं, गाणं झालं, मग आमची पाळी. मी आगाशिव म्हटलं. मग कृष्णा म्हटलं आणि, सांगलीकर काका माफ करोत, तोंडून कोयनाही निघून गेली. आई-बाबा सांगितले. नाव सांगेपर्यंत घसा कोरडा पडला होता. त्यानंतर प्रथेप्रमाणे आमच्या बाजूनं गाणं म्हणायचं असतं. आम्ही सगळे छात्राध्यापक मिळून एक माओरी गाणं म्हणालो, ते कसं झालं यावर न बोललेलं बरं.

त्या दिवशी मला शिकवायचं नव्हतं, मागे बसून बघायचं होतं. पण मुलं चटईवर जमल्यावर एका मुलानं हात वर केला. वय आठेक, गुडघ्यावर खपली.

"तुमच्या नदीत ईल आहेत का?"

टाचणात बसणारा प्रश्न नव्हता. पण त्यानं मला उत्तराला वेळच दिला नाही. त्यांच्याकडचे ईल, म्हणजे सापासारखे लांबडे मासे, माणसाएवढे जगतात, म्हातारे झाले की नदी सोडून टोंगाच्या बाजूच्या समुद्रात अंडी घालायला जातात आणि परत येत नाहीत, पिल्लं तेवढी वाहत वाहत इकडे येतात, हे त्यानं एका दमात सांगितलं. वर्गशिक्षिका हसत होत्या. मी म्हटलं, उद्या सांगते.

जानेवारी-फेब्रुवारीत न्यूझीलंड आपल्यापुढे साडेसात तास. शाळा दुपारी तीनला सुटते तेव्हा कराडात बाबांचा पहिला चहा. फोन लावला.

"वाम म्हणावं त्याला," बाबा म्हणाले. "आहे की. मंडईत येते." वाम म्हणजे तंतोतंत ईल नव्हे, पण लांबडी, गुळगुळीत आणि हातातून सुटणारी, इतपत नातं पुरे होतं. "त्या पोराला विचार, कालवण कसं करतात तिकडं?"

दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याचे आजोबा ते धुरावर शिजवतात.

"धुरावर?" बाबा बराच वेळ गप्प राहिले. "तिखट लावून की नुसतंच?"

मागून आईचा आवाज आला, "अहो, ती पाठ कसे घेतात ते विचारा आधी!"