चौसष्ट पानं
आज भिलारला जाऊन आलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे पुस्तकांचं गाव २०१७ साली सुरू झालं. आम्ही मात्र इतकी वर्षं स्ट्रॉबेरी घेऊन पुढे निघून जायचो! इथे पुस्तकं लोकांच्या घरात. आत या, बसा, वाचा, पैसे नाहीत.

पहिली दहा मिनिटं हात सारखा खिशातल्या मोबाईलकडे. मग रेंज गेली (देवाची कृपा) आणि एका बैठकीत ६४ पानं झाली. घरी एवढ्याला मला पंधरवडा लागतो. आतून कुकरच्या शिट्ट्या. काकूंनी न विचारता चहा आणून ठेवला.

पुस्तक अर्धंच राहिलंय. उद्या ऑफिस सुटलं की पुण्यातला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक गाठायचा. आणि फोन आजपासून रात्री स्वयंपाकघरात, फ्रिजवर चार्जिंगला. बायको हसतेय. हसू दे.