झिरो न धरणारी रायफल

.३०-०६ ची बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आली तेव्हा तिच्याबरोबर दोन स्कोप (नेमाच्या दुर्बिणी) होते. एक वर बसवलेला, दुसरा ‘खराब’ म्हणून काढून डब्यात ठेवलेला. नवा स्कोप शंभर मीटरवर झिरो करून, म्हणजे नेमाची रेघ आणि गोळीची जागा जुळवून, वीस गोळ्या होत नाहीत तोच त्याचाही झिरो सरकला होता. मालकाने टार्गेटचे सगळे कागद तारखा घालून आणले होते. अशा तक्रारीत मला आधी कागदच हवे असतात, रायफल नंतर.

कागदांवर डाव्या-उजव्या बाजूचा फरक तीन सेंटिमीटरच्या आत होता. वर-खाली मात्र आठ-नऊ सेंटिमीटर. बहुतेक वेळा गोळी खाली लागायची, म्हणून दर वेळी टरेटवर (स्कोपवरच्या नेम जुळवायच्या खुंटीवर) पाच-सहा क्लिक ‘वर’ दिलेले, आणि पुढच्या खेपेला त्यातले काही परत काढलेले. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक शंभर मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे सरकणाऱ्या झिरोच्या मागे क्लिक पळत होते. असं पळू नये. काय हलतंय ते कळेपर्यंत टरेटला हात लावला की पुराव्याची खिचडी होते.

स्कोपच्या आत एक बारीक नळी असते. टरेट तिला एका बाजूने दाबतो, समोरून स्प्रिंग रेटून धरते. स्प्रिंग थकली किंवा आतली नळी अडकली की क्लिक दिला तरी नेमाची रेघ सरकत नाही, आणि पुढच्या गोळीच्या दणक्याने एकदम उडी मारते. तसा दोष बहुधा दोन्ही दिशांना दिसतो. इथे फक्त उभा होता, आणि दोन वेगळ्या स्कोपना सारखाच. दोघांत सामाईक काय, तेच तपासायचं.

बोल्ट बाहेर, मॅगझिन रिकामं, बंदुकीच्या नळीतून उजेड पाहून घेतला. मग सोप्या गोष्टी. दस्त्याच्या आणि नळीच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवली, ती रिसीव्हरपर्यंत (बोल्ट ज्यात सरकतो त्या धडापर्यंत) विनाअडथळा गेली. दस्ता धरणारे स्क्रू नीट होते. स्कोप धरणाऱ्या रिंगा काढून स्कोपची नळी पाहिली: चेपल्याची खूण नाही. हे पाहावंच लागतं, कारण रिंगेचे स्क्रू जास्त आवळले की बाहेरची नळी दबून आतली नळी जखडते. त्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतात. ‘थोडं आणखी’ आवळण्यात कित्येक चांगले स्कोप वाया जातात.

स्कोप परत चढवून बंदुकीच्या नळीच्या तोंडाला कॉलिमेटर लावला; त्यातली चौकटींची जाळी स्कोपमधून दिसते. रायफल वाइसमध्ये धरून स्कोपचं पुढचं टोक अंगठ्याने वर रेटलं. जाळीवर स्कोपची आडवी रेघ सरकली, आणि अंगठा काढल्यावर पूर्ण परत आली नाही. मग बेसच्या, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीच्या, स्क्रूंवर टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक् करणारा) लावला. चारही स्क्रूंनी २० इंच-पाउंडला टक् केलं. सगळे ‘घट्ट’!

गोंधळात टाकणारी जागा हीच. पाना फक्त स्क्रू किती जोराने अडलाय ते सांगतो. कशाला अडलाय ते सांगत नाही.

बेस उतरवला. मागच्या बाजूला पोलाद पोलादावर दाबल्याचा स्वच्छ, चकचकीत पट्टा होता. पुढच्या बाजूला तेलाची जुनी साय जशीच्या तशी, आणि तिच्या कडेला घासून पडलेली करडी-काळी पूड. सगळ्यात पुढच्या स्क्रूचं टोक बघितलं: आट्यांच्या कडा चेपलेल्या, मधोमध चमकता ठिपका. ते भोक आरपार नव्हतं. व्हर्नियरच्या दांडीने खोली भरली ४.५ मिलिमीटर. बेसखाली येणारा स्क्रूचा भाग ४.६. स्क्रू भोकाच्या बुडाला टेकत होता, आणि बेसला ०.१ मिलिमीटर मोकळीक उरत होती. नेहमीच्या कागदाच्या जाडीएवढी. दोन रिंगांतलं अंतर १२० मिलिमीटर धरलं तर पुढचं टोक इतकं उचललं की शंभर मीटरवर फरक पडतो सुमारे ८३ मिलिमीटर. पुढचं टोक वर म्हणजे गोळी खाली. कागद तेच सांगत होते.

बेसबरोबर दोन लांबीचे स्क्रू येतात तेव्हा पुढे-मागे अदलाबदल अगदी सहज होते. ओळखायला साधनं लागत नाहीत. बेस बाजूला ठेवून स्क्रू नुसता रिसीव्हरमध्ये हलक्या हाताने अडेपर्यंत फिरवायचा, आणि डोक्याखाली उरलेली फट मोजायची. बेसची त्या भोकातली, स्क्रूच्या डोक्याखालची जाडी फटीपेक्षा कमी असेल, तर तो स्क्रू बेसला कधीच दाबणार नाही. स्क्रू आरपार भोकात असेल तर बोल्ट हळू सरकवून टोक त्याला घासत नाही ना, हेही पाहावं.

इथे बाकीचे तीन स्क्रू योग्य होते, म्हणून फक्त पुढचा कापला. त्याच आट्यांच्या नटमध्ये फिरवून टोक कानसेने अर्धा मिलिमीटर घासलं. ६-४८ (इंचाला ४८) आट्यांत हा जवळजवळ एक आटा. नट उलटा काढताना टोकाचे आटे आपोआप साफ होतात. उरलेल्या ४.१ मिलिमीटरमध्ये जवळजवळ पावणेआठ आटे पकडतात, ते पुष्कळ झाले.

भोकं आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने पुसले. स्क्रूवर आटे चिकटवून धरणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब, पुन्हा २० इंच-पाउंड. रिंगांच्या स्क्रूंना मी थ्रेडलॉकर लावत नाही. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला दाब जास्त बसतो आणि नळी चेपते. स्क्रूचं डोकं आणि बेस यांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. थ्रेडलॉकरला २४ तास दिले. घाई केली तर पहिल्याच दणक्यांत तो निकामी होतो.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याने रेटून पाहिलं, आडवी रेघ जागची हलली नाही. मग शंभर मीटरवर चौकोन: एक गोळी, २० क्लिक उजवीकडे, एक गोळी, २० वर, २० डावीकडे, २० खाली. पाचवी गोळी पहिलीच्या भोकाला चिकटून लागली. बंदुकीची नळी थंड होऊ देत पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप काढले. मध्यबिंदू सेंटिमीटरच्या आत राहिला, पांढऱ्या रेघा जिथल्या तिथे.

शेवटी डब्यातला स्कोप त्याच बेसवर चढवून कॉलिमेटरपुढे फिरवला. २० क्लिक गेला, २० क्लिक परत आला, रेघ जाळीच्या त्याच घरात.