पुढच्या सीटवर कोण बसणार?

ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात नाईट, म्हणजे एका शोचे पैसे, किती मिळते, दुसरं विचारतात कोणकोणत्या गायकांबरोबर वाजवलंय, पण शो संपल्यावर परत कसे येता हे आजपर्यंत मला कोणी विचारलेलं नाही. आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. वाजवणं त्यामानाने सोपं, त्यासाठी लहानपणापासून हात घासलेत.

मी ढोलकी-ढोलक वाजवतो, लागलं तर साइड ऱ्हिदमलाही बसतो. राहायला भांडुपला. मराठी गाण्यांचे शो, लावणीचे कार्यक्रम, हिंदी ऑर्केस्ट्रा, लग्नाची संगीत संध्या, जे येईल ते. पावसात काम कमी, मग गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, डिसेंबर-जानेवारीत महोत्सव आणि कॉलेजच्या गॅदरिंग, नंतर माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. म्हणजे कमाई काही महिन्यांचीच आणि त्या महिन्यांत आलेली सुपारी, म्हणजे शोचं काम, सोडायची नाही हे प्रत्येकाच्या डोक्यात फिट बसलेलं असतं. काल कोल्हापूर, आज दुपारी ठाण्याला गडकरी रंगायतन, उद्या नाशिकला कालिदास कलामंदिर, असं चालू असतं.

ढोलकीवाल्याचा प्रवास तर शोच्या कितीतरी आधी सुरू होतो. माझ्याबरोबर कमीत कमी तीन ढोलक्या असतात, वेगवेगळ्या पट्टीच्या, कारण गायिका काळी चारमधून गाणार आणि गायक पांढरी दोनमधून, आणि दोन गाण्यांच्या मधे निवेदिका बोलत असते तेवढ्यात सूर खालीवर करत बसायला वेळ नसतो. आता नट-बोल्टच्या ढोलक्या आल्यात म्हणून बरंय, पाना मारला की चढते. पण कोकणात उघड्यावर शो असला की पान्याचंही चालत नाही. रत्नागिरीच्या पुढे एका गावात मैदानात वाजवत होतो, समुद्र जवळच, साडेआठला पुडी, म्हणजे ढोलकीचं चामडं, अशी कडक लागलेली की बोट टेकवलं तरी सूर निघत होता, आणि नऊ-सव्वानऊला दव पडायला लागलं तशी उतरत गेली. एक चक्कर पाना, अजून एक, पुढे नको, पुडी फाटेल. शेवटी स्टेजच्या विंगेत पिवळा हॅलोजन होता त्याच्यासमोर दुसरी ढोलकी ठेवली, साउंडच्या पोराला सांगितलं की दर दोन गाण्यांनी फिरव रे बाबा, हात लावून बघत जा, फार गरम नको. असा अख्खा शो त्या हॅलोजनवर निघाला. लोकांनी वन्स मोअर घेतला, मस्त झाला शो, मला आजही तो शो फार आवडतो.

तर शो दहाला संपतो. दहाच का, तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर आणखी ठाम निकाल दिला, आणि वर्षातले ठरावीक पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. उघड्यावरची दिवाळी पहाट सहाच्या आधी सुरू करता येत नाही तेही याचमुळे. नियम बरोबरच आहे, माझी तक्रार नाही, आजारी माणसं असतात, लहान मुलं असतात. पण आमच्यातले जुने वादक एक गोष्ट सांगतात ती मला फार पटते. पूर्वी जत्रेतला कार्यक्रम पहाटेपर्यंत चालायचा, मग तिथेच शाळेत नाहीतर देवळात अंग टाकायचं, सकाळी चहा-पोहे खाऊन उजेडात निघायचं. आता दहाला माइक बंद झाला की आयोजकांना वाटतं चला, लवकर संपलं, मंडळी घरी जायला मोकळी. राहण्याची सोय हा विषयच निघत नाही, आणि रस्त्यावर सगळ्यात वाईट जो टाइम तोच आमच्या वाट्याला येतो.

हिशोब बघा. दहाला संपलं की फोटो, सत्कार, नारळ-शाल. मग वायरी गुंडाळा, कीबोर्ड केसमध्ये, पॅड केसमध्ये, स्टँड मोजून घ्या. जेवायला साडेअकरा. गाडी हलेपर्यंत साडेबारा. कोल्हापूर ते मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर. म्हणजे खंबाटकी घाटातला बोगदा येतो तीन-सव्वातीनला, पुण्याचा बायपास साडेचारला, आणि बोरघाट उतरताना पहाटेचे पावणेसहा वगैरे. माणसाच्या शरीराला झोप सगळ्यात जास्त लागते ती दोन ते सहा या वेळेतच, हे डॉक्टरही सांगतात. आणि नेमके दोन्ही घाट त्याच वेळेत.

गाडीत पहिला तासभर फार मजेचा असतो. शो चांगला झालेला असला तर डोक्यात अजून गाणी वाजत असतात, कोणाला झोप येत नाही, तो पीस काय पडला रे आज, ती तिसऱ्या गाण्याची लग्गी, बेसवाल्याने मधेच कसं सांभाळून घेतलं, सगळं परत परत बोललं जातं. मग एकेक जण गप्प होतो. दीडच्या सुमारास मागून घोरण्याचा आवाज यायला लागतो, आणि दोन वाजता गाडीत एकच माणूस जागा असतो, आणि तो सकाळी सातला मुंबईतून आम्हाला घेऊन निघालेला असतो.

ड्रायव्हर मामांचा दिवस कोणी बघतो का? सकाळी कोणाला सायनला घ्या, कोणाला चेंबूर नाक्यावर, कोणाला वाशीला, तिथून आठ तास गाडी चालवायची, पोचल्यावर आम्हाला ग्रीनरूम मिळते, पंखा मिळतो, चहा मिळतो, त्यांना पार्किंग. गाडी हलवा, इथे नको, तिकडे लावा. तापलेल्या पत्र्यात टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर पाय दुमडून पडायचं, झोप कसली लागणार, बाहेर आमचंच साउंड चेक चालू. आणि रात्री साडेबारानंतर आमच्या दहा-बारा जणांचे जीव त्यांच्या हातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम असं लिहिलेलं होतं. आमच्या धंद्यात कुठलाही शोचा दिवस घ्या, हे तास संध्याकाळीच भरलेले असतात.

एका रात्री खंबाटकीच्या थोडं अलीकडे मला जाग आली ती टायरच्या आवाजाने. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर जे उंचवटे असतात ना, त्यांच्यावरून गाडी चालली की घर्र्र असा एकसारखा आवाज येतो. डोळे उघडले तर पुढे एका ट्रकची मागची लाल पट्टी, आणि ती मोठी होत चाललेली. मामा असं ओरडलो. त्यांनी ब्रेक मारला, गाडी डावीकडे मातीत उतरली आणि थांबली. कोणाला काही झालं नाही. कीबोर्डची केस पुढे येऊन निवेदिकेच्या गुडघ्याला लागली तेवढंच. मामा स्टिअरिंग धरून तसेच बसून होते, बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, डोळे उघडे होते हो माझे. त्यांचं म्हणणं खरं होतं. डोळे उघडे ठेवूनही माणूस दोन-चार सेकंद झोपतो, आणि ऐंशीच्या स्पीडला एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते.

आपल्या मराठी कलाकारांनी या रस्त्यांवर किती माणसं गमावलीत. १२ फेब्रुवारी २००१ ला अभिनेत्री भक्ती बर्वे वाईहून कार्यक्रम करून परत येताना गेल्या, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर. २३ डिसेंबर २०१२ ला त्याच एक्स्प्रेस वेवर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, अक्षयचा छोटा मुलगाही गेला. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, सगळे झोपेचे नाहीत, पण कलाकार रस्त्यावर इतका असतो की त्याला हा धोका बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त. ही नावं मोठी म्हणून आपल्याला आठवतात. वादकांची, साउंडवाल्यांची, लाइटवाल्या पोरांची, टेम्पोवाल्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, त्यात नाव पण धड नसतं, ‘ऑर्केस्ट्रातील कलाकार’ एवढंच. मला ते वाचवत नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या ग्रुपमध्ये आम्ही बसून ठरवलं, सिटिंगच्या, म्हणजे तालमीच्या, आधी तासभर फक्त यावरच बोललो. पुढची सीट ही आता ड्युटी आहे. पूर्वी तिथे सीनियर माणूस बसायचा, मान म्हणून, आणि तो सीट मागे करून पहिला झोपायचा. आता तिथे तोच बसतो ज्याने दुपारी झोप काढलीय, आणि दोन तासांनी माणूस बदलतो. झोप लागायला लागली तर लाज न बाळगता मागच्याला उठवायचं. मामांकडे लक्ष ठेवायचं. काच सारखी खाली-वर करायला लागले, मान चोळायला लागले, एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला लागले, विनाकारण लेन बदलली, की गाडी थांबवायची. ढाब्यावर, पंपावर, जिथे उजेड असेल तिथे. रस्त्याच्या कडेला नाही, ते अजून वाईट. तोंडावर पाणी मारून काही होत नाही, दहा मिनिटांत परत तेच. चहा घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं, चहाचा असर होईपर्यंत झोपही होते, याने खरंच फरक पडतो. तेवढा वेळ आम्ही बाहेर उभे राहतो, दारं आपटत नाही.

पण हे सगळं नाइलाज झाला तरचं. खरं काम बुकिंगलाच करायला लागतं. अडीचशे किलोमीटरच्या वरचा शो असेल तर मुक्काम, नाहीतर शो नाही. त्यात ड्रायव्हरला पोचल्या पोचल्या झोपायला खोली, आमच्याइतकीच नीट, पंखा आणि बंद होणारं दार. हे पार्टीला, म्हणजे शो ठेवणाऱ्या आयोजकांना, आधीच लिहून पाठवतो, ॲडव्हान्सच्या आधी. सुरुवातीला वाद झाले. एका मंडळाचे साहेब फोनवर म्हणाले, दुसरे लोक तर रात्रीच निघतात की, तुम्हालाच काय नखरे. सुपारी गेली ती. अजूनही जातात, खोटं कशाला सांगू, आणि सीझनमध्ये एक सुपारी गेली की घरी जाणवतं. शिवाय आजकाल पार्टीकडे दुसरा पर्याय असतो, रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणारे दोन गायक बोलावले की वादक नकोत, गाडी नको, खोल्या नकोत. त्या भीतीने बरेच ग्रुप तोंड उघडत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण सगळ्यांनी एकाच वेळी मुक्काम मागायला सुरुवात केली तर पार्टीला तो खर्च धरावाच लागेल, जसा मंडपाचा धरतात, जनरेटरचा धरतात.

जिथे जमतं तिथे आम्ही ट्रेनने जातो. सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिरात शो असला की परत येताना सिद्धेश्वर कधीकधी मिळते, धावपळ होते पण सकाळी दादरला झोप पूर्ण करून उतरतो. कोल्हापूरची महालक्ष्मी शो संपायच्या आधीच निघून गेलेली असते, म्हणून मुक्काम करून सकाळची कोयना, त्यात अख्खा दिवस जातो खरा. ढोलक्या वरच्या बर्थवर डोक्याशी, कीबोर्ड खालच्या सीटखाली आडवा, पॅडच्या केसवर कोणीतरी पाय ठेवायला बघतोच, त्याला काका जरा सांभाळून असं सांगत सांगत कर्जत येतं. सगळ्या टीमला रिझर्व्हेशन मिळायला तारीख दोन महिने आधी पक्की लागते, आणि आपल्याकडे तारीख पक्की होते आठ दिवस आधी, ही मोठी अडचण. त्यासाठी पण पार्टीच्या मागे लागावं लागतं.

मामा अजून आमच्याबरोबरच आहेत. परवा साताऱ्याला शो होता, पोचल्यावर त्यांना खोलीची किल्ली दिली तर आधी घेईनात, म्हणाले गाडीतच पडतो, सवय आहे. आमच्या निवेदिकेने किल्ली हातात ठेवली आणि म्हणाली, मामा, तुमची झोप आमच्या शोमध्येच धरलीय. सकाळी नाश्त्याला आले तर दाढी केलेली, अंघोळ झालेली, दोन मिसळ सांगितल्या आणि म्हणाले निघू या का, पाचपर्यंत भांडुपला सोडतो तुम्हाला, संध्याकाळी तुमचा दादरला शिवाजी मंदिरला शो आहे ना.

आता गणपतीची बुकिंग सुरू झालीत. आम्ही पार्टीला जे लिहून पाठवतो, म्हणजे मुक्काम, ड्रायव्हरची खोली, जेवणाची वेळ शोच्या आधी, तो मेसेज कोणाला आपल्या ग्रुपसाठी हवा असेल तर सांगा, आहे तसा पाठवतो, हवं ते नाव घालून वापरा.